फरशीवरचा डाग

बार्शीच्या बाजारपेठेतील एका धान्यव्यापाऱ्याच्या वाड्यात जुनी टाटा सुमो जेथे उभी असते, तेथे शहाबादी फरशीवर तळहाताएवढा काळा डाग पडू लागला. दिवाणजींनी त्यावर गोणपाटाचा तुकडा टाकला आणि घरच्यांच्या लेखी विषय संपला. जुनी डिझेल गाडी म्हटली की तेल गळायचेच, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती घातक ठरते.

पुढे संध्याकाळी गाडीचे दिवे मंद पेटू लागले. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या गेल्या. जवळच्या गॅरेजमध्ये तेलाच्या टाकीचे, म्हणजे चेंबरचे पॅकिंग नवे बसले, बोल्ट जोर लावून आवळले गेले, वरून सिलिकॉनची लुगदी फासली गेली. डाग मात्र तसाच राहिला. मग एका रविवारी, घरातील वृद्ध आई आणि दोन नातवंडे गाडीत असताना, येडशीकडून परतीच्या वाटेवर बालाघाटच्या उतारावर ब्रेकचे पायडल दगडासारखे घट्ट झाले. सर्व बळ एकवटून पाय दाबल्यावर गाडी कशीबशी आवरली.

दुसऱ्या दिवशी गाडी एका वृद्ध मिस्त्रीकडे गेली. सारे गाव त्यांना चाचा म्हणते. थोरल्या चिरंजिवांनी तीन तक्रारी तीन वेगळ्या बाबी म्हणून सांगितल्या : तेल, बॅटरी आणि ब्रेक. चाचांनी बॉनेट उघडले, पण पान्याला हात लावला नाही. “शेठ, तेल जिथं दिसतं, तिथून ते निघत नसतं. आधी धुऊ या,” एवढेच ते म्हणाले.

या वाक्यात निम्मी विद्या आहे. गळणारे तेल खाली ओघळते आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे फेकले जाते. सर्वांत खालचा ओला बोल्ट बहुधा निरपराध असतो. म्हणून इंजिन ब्रशाने स्वच्छ धुऊन, कोरडे पुसून, सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी, पंधरा मिनिटे इंजिन चालवावे आणि वरून खाली पाहत यावे. पांढऱ्या भुकटीवर उमटणारी पहिली काळी रेघ खरा उगम दाखवते. चेंबरचे बोल्ट अति आवळल्याने बुचाचे पॅकिंग चेपून बाहेर येते व गळती वाढते. जादा फासलेल्या सिलिकॉनचे तुकडे आत पडून तेल शोषणारी जाळी तुंबवू शकतात. आवळणे हा उपाय वाटतो, पण पुष्कळदा तोच बिघाड असतो.

रेघ उमटली ती अल्टरनेटरखाली. येथे डिझेल गाडीची एक विशेषता ध्यानी घ्यावयास हवी. पेट्रोल इंजिनाच्या शोषणनळीत निर्वात आपोआप निर्माण होतो व त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेल इंजिनात तो तसा मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक जुन्या गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीशीच, त्याच दांड्यावर बसवलेला असतो आणि त्याला वंगण इंजिनातील तेलाचेच असते. दोहोंमधील रबरी सील झिजले, किंवा तेल परत नेणारी नळी तुंबली, की तेल अल्टरनेटरमध्ये शिरते. तेथे कार्बन ब्रशांची भुकटी आणि तेल यांचा चिखल होऊन वीजनिर्मिती घटते. पंपाच्या पात्या झिजल्या की निर्वात अपुरा पडतो आणि पायडल घट्ट होते.

या गाडीत सील फाटलेले होते, नळीत गाळ होता व पात्याही झिजल्या होत्या. तीन तक्रारी, मूळ एक. बिचाऱ्या दोन बॅटऱ्या विनाकारण भंगारात गेल्या होत्या.

हा दोष इतके दिवस लपला कसा? जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. एकदा सुरू झाले की ते जवळजवळ विजेवाचून धावते, त्यामुळे चार्जिंग बंद पडले तरी गाडी थांबत नाही. मीटर मात्र खोटे बोलत नाही : इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट आणि चालू असताना 13.8 ते 14.4 दिसावेत. चालू इंजिनावरही आकडा 12 च्या घरात रेंगाळला, तर नवी बॅटरी घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. ब्रेकची परीक्षा तर घरीही होते. इंजिन बंद ठेवून पायडल घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पायडल किंचित खाली गेले पाहिजे. न गेल्यास त्या गाडीत लेकराबाळांना बसवू नये.

चाचांना आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती पाहून ते प्रथमच रागावले. हेडलाइटच्या फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याची तार गुंडाळली होती. मागील वायरचे आवरण वितळून एकमेकांस चिकटले होते. फ्यूज वारंवार जळत होता म्हणून ही युक्ती! जळणारा फ्यूज आपले काम करीत असतो. खरे कारण साधे निघाले : इंजिन आणि चासी जोडणारी अर्थची पट्टी गंजली होती आणि एक वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती. पट्टी पॉलिश पेपरने घासून बसवली, वायर बदलली, योग्य अँपिअरचा फ्यूज घातला. दिवे उजळले.

क्रँकच्या मागील सीलमधून मात्र थेंब थेंब गळती शिल्लक राहिली. ते बदलण्यास गिअरबॉक्स उतरवावा लागतो. शे-दोनशेच्या सीलसाठी दिवसभराची मजुरी. चाचांनी सांगितले, क्लच बदलेल तेव्हा ते करावे, तोवर दर आठवड्यास डिपस्टिक पाहावी. हा सल्ला व्यवहाराचा होता.

पंधरवड्याने गाडीस गिऱ्हाईक आले. फरशी स्वच्छ घासलेली, गोणपाट काढलेले. चिरंजीव गप्प होते. वडिलांनी दिवाणजींना पुठ्ठा आणावयास सांगितला, तो इंजिनाखाली सरकवून इंजिन चालू केले आणि पाहुण्यास खाली वाकून पाहण्याची विनंती केली. दहा मिनिटांत दोन थेंब पडले. सौदा ठरल्या भावापेक्षा आठ हजारांनी खाली तुटला. पावतीवर दिवाणजींनी लिहिले : क्रँकचे मागील सील गळते, घेणाऱ्यास दाखविले आहे.