वेगळ्या नावांचा एकच सूर

मुलीचं नाव चारचौघींत नसलेलं हवं, म्हणून भिवपुरीपासून कल्याणपर्यंत आईबाप मोबाइल धुंडाळतात आणि शर्वी, अन्वी, मन्वी, तन्वी यांपैकी एकावर येऊन थांबतात. सुटं घेतलं तर प्रत्येक नाव नवं. अंगणवाडीच्या पटावर एकाखाली एक आलं, की ताईंच्या एका हाकेला दोघीतिघी ‘ओ’ देणार. पहिलं अक्षर निराळं आहे खरं, पण हाक लांबते ती शेवटच्या ‘वी’वर, आणि गलक्यात तेवढीच कानी पडते.

यात नवं काय, असं कुणी विचारेल. ठाकूर-कातकरी वाड्यांत बुधी, सोमी, मंगळी होत्याच. बरोबर, पण त्यांतून निदान जन्मवार तरी कळायचा. जुनं ते सगळं सोनं, असंही नाही. सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नाव लावलेल्या दोनशेहून अधिक मुलींचं २०११ मध्ये प्रशासनाला पुन्हा बारसं करावं लागलं. त्यापेक्षा गोड ‘वी’ केव्हाही बरी! तरी वेगळेपणाचाच हट्ट असेल, तर आधी शेवट बदलावा: मैना, अबोली, केतकी, सगुणा. जुनाट वाटतील? सगुणा तर नेरळच्या सगुणाबागेमुळे तालुक्याच्या तोंडी आहेच, आणि पटावर ती बहुधा एकटीच असेल.