शाळा आपली, बोली कुणाची?

आपली पोरं पहिलीत जातात आणि दोन-दोन वर्षं गप्प बसतात. गुरुजी म्हणतात, पोरं ढ आहेत. आम्ही म्हणतो, रानातलं झाड न् झाड नावानं ओळखणारं पोर ढ कसं? घरी पावरी-भिलोरी बोलायची आणि शाळेत एकदम पुस्तकी मराठी. पोर मुकं होणारच.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं नाही. न्यूझीलंड देशात माओरी हे मूळचे लोक. गोऱ्या सरकारनं १८६७ साली त्यांच्या गावांत शाळा काढायचा कायदा केला. जमीन गावानं द्यायची, पण शिकवायचं इंग्रजीत. पोरं माओरी बोलली की मार खायची. शंभर वर्षांत बोली मरायला टेकली. मग लोकच उठले. १९८२ पासून गावातल्या आज्या-आजोबांनी लहान पोरांना माओरीतून सांभाळायला-शिकवायला घेतलं. या बालवाड्यांना ते ‘भाषेचं घरटं’ म्हणतात. ती पोरं मोठी झाली तशा १९८५ पासून माओरी शाळा निघाल्या. १९८७ ला भाषेला, १९८९ ला त्या शाळांना कायद्यानं मान्यता मिळाली. आधी लोकांनी केलं, मग सरकार आलं.

नॉर्वेतल्या सामी लोकांचंही तसंच. त्यांच्यातले काही रेनडियर पाळणारे. शाळेत त्यांची भाषा बंद केली होती. आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध १९७९ ला ते राजधानीत उपोषणाला बसले. धरण झालंच. पण त्या लढ्यातून १९८९ ला सामींची स्वतःची संसद उभी राहिली, आणि सामी मुलखात पोरांना सामीतून शिकायचा हक्क मिळाला. जमिनीचा लढा आणि बोलीचा लढा वेगळा नसतो, तो असा.

काही जण विचारतील, मराठी नाही आली तर सातबारा कोण वाचणार? मराठी पाहिजेच. इंग्रजीही पाहिजे. माओरी पोरं इंग्रजीही शिकतात. पण पहिली पायरी घरच्या बोलीची असली, तर पुढची चढता येते. पहिलीच पायरी काढून घेतली म्हणून आपली पोरं चौथीतच शाळा सोडून गुरांमागं जातात.

आपल्या घटनेचं कलम ३५०-क सांगतं की भाषेनं अल्पसंख्य असलेल्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, म्हणून राज्यानं सोय करायचा प्रयत्न करावा. म्हणून येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं ठराव घ्यावा: पहिली-दुसरीला आपली बोली येणाराच शिक्षक पाहिजे. आणि शिक्षक येईपर्यंत आपल्या आज्या आहेतच. त्यांना शाळेत बसवायला कुणाची परवानगी लागते, ते आपण बघू!