‘इंधन’मधील घर आणि आमचे घर

हमीद दलवाई यांचे नाव निघाले की आमच्याकडे चर्चा दोन मिनिटांत संपते. एक जण म्हणतो, “समाजाची बदनामी करणाऱ्याचे काय वाचायचे?” दुसरा, बहुधा आमच्या मोहल्ल्याबाहेरचा, म्हणतो, “तुमच्यात तोच एक खरे बोलणारा निघाला!” दोघांनीही ‘इंधन’ वाचलेली नसते. धाराशिवमधील आम्ही चार-पाच वाचक पुस्तके एकमेकांत फिरवतो. त्या फेऱ्यात ‘इंधन’ आली आणि आम्हाला लाज वाटली. इतकी वर्षे आपण या कादंबरीविषयी ऐकीव मतावर भांडत होतो!

आधी तारखा पाहू. ‘इंधन’ प्रसिद्ध झाली 1965 साली. तलाकपीडित सात स्त्रियांचा मुंबईतील मोर्चा निघाला 18 एप्रिल 1966 रोजी. मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले 22 मार्च 1970 रोजी. तरीही ही कादंबरी मंडळाचा जाहीरनामा असल्यासारखी वाचली जाते. कोणी म्हणेल, दलवाईंचे विचार तर आधीपासूनच तयार होते. असतील. पण विचारांचे भाषण करायचे असते तर त्यांनी कादंबरी कशाला लिहिली असती? भाषणे त्यांनी पुढे भरपूर केलीच.

‘इंधन’ ही घराची कादंबरी आहे. बऱ्याच वर्षांनी, हृदयविकाराने खचलेला एक माणूस कोकणातल्या आपल्या गावी परत येतो. त्याला विश्रांती हवी असते. पण बाप, भाऊ, जमीन, जुनी देणीघेणी, गावातल्या कुळवाड्यांशी आणि बौद्धांशी बदललेले संबंध यांपैकी कोणीच त्याला स्वस्थ बसू देत नाही. यातला एकही माणूस ‘मुस्लिम समाजाचा प्रतिनिधी’ म्हणून बोलत नाही. प्रत्येक जण स्वतःपुरता हट्टी, लोभी, प्रेमळ किंवा भित्रा आहे. गाव पेटते ते या माणसांच्या स्वभावांतून आणि साचलेल्या हिशेबांतून. समीक्षकांनी यात समाजसुधारणा तेवढी शोधली, आपल्या लोकांनी बदनामी तेवढी शोधली. माणसे मात्र दोघांनीही पाहिली नाहीत.

आमची तक्रारही आहे. या घरात बायका आहेत, पण बायकांच्या डोळ्यांनी घर दिसत नाही. चुलीपाशी बसलेल्या बाईला या साऱ्या इज्जतीच्या भांडणांविषयी काय वाटते, हे कळायची आम्हाला भूक होती. ती भागली नाही. पण ही तक्रार आम्ही पुस्तक वाचून करतो आहोत.

आता मुख्य प्रश्न. कोकणातल्या घराचे ‘इंधन’ लिहिले गेले. मग परंडा, नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा या पट्ट्यातल्या आमच्या घराचे काय? जानेवारी 2020 मध्ये 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्याच गावात भरले. पुस्तकांच्या एका गाळ्यावर आम्ही मराठवाड्यातील मुस्लिम कुटुंबावरची कादंबरी मागितली. विक्रेत्याने रझाकारांवरचे पुस्तक पुढे केले. त्याची चूक नाही. मराठी कादंबरीत आमचा माणूस येतो तो रझाकार म्हणून, नाहीतर मालकासाठी जीव देणारा ईमानदार चाचा म्हणून. बाजार करून घरी परतणारा, बायकोशी भांडणारा, मुलीच्या फीची काळजी करणारा मुसलमान कुठे आहे?

आणि सप्टेंबर 1948 चे काय? पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने पोलीस ॲक्शननंतर निझाम राज्यात फिरून अहवाल दिला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबादचे नाव घेतले. गुलबर्गा, बिदर, नांदेड हे उरलेले तीन. या चार जिल्ह्यांत मिळून किमान 18,000 माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. रझाकारांनी केलेले जुलूम त्याआधीचे आणि तितकेच खरे. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवले, हेही त्याच अहवालात आहे. हा अहवाल कित्येक दशके दडून राहिला. पण आमच्या घरात तरी कोण बोलले? आमच्या दाद्या वय सांगायच्या ते ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ किंवा ‘नंतर’ असे, आणि पुढचे विचारले की सुपारी कातरायला घ्यायच्या.

एकाच घरात एक भाऊ रझाकारांत गेलेला, दुसरा त्याच्याशी बोलणे टाकलेला, आणि त्यांच्या बहिणीला शेजारच्या पाटलिणीने कणगीआड लपवलेले. हे सारे एकत्र कोण सांगणार? अहवाल आकडे सांगेल, नेता एकच बाजू सांगेल. तिघांनाही माणूस म्हणून उभे करायला कादंबरीच हवी.

अडचण भाषेची, असे आपले लेखक म्हणतात. कोकणी मुसलमानाची घरची बोली मराठीला लगटून आहे. आमच्या घरात दखनी, शाळेत आणि बाजारात मराठी. संवाद कोणत्या भाषेत लिहायचे? आम्ही म्हणतो, जसे घरात बोलतो तसे लिहा. “अम्मा, भाकरी वाढ ना गे” असे आम्ही बोलतोच की! सिनेमातली हिंदी मात्र आमच्या तोंडी घालू नका.

खरी अडचण भीतीची आहे. घरातले उणे लिहिले तर बाहेरचे त्याचा पुरावा करतील. ही भीती खोटी नाही. दलवाईंच्या बाबतीत नेमके तेच घडले. पण आपण कोरे ठेवलेले पान कोरे राहत नाही. त्यावर दुसरा कोणी रझाकार काढून जातो.

म्हणून आमचे आपल्या लेखकांना सांगणे आहे. अस्मितेवरचे लेख पुष्कळ झाले; या वार्षिकाची पानेही त्यांनीच भरतात. आता एक घर लिहा. आणि लेखिकांना जरा जास्तच आग्रहाने सांगतो, कारण ‘इंधन’मध्ये राहून गेलेली चूल तुमच्याच ताब्यात आहे. सुपारी कातरणाऱ्या त्या दाद्या आता फार थोड्या उरल्या आहेत. त्यांच्याजवळ जाऊन बसा.