पदराआडचा मोबाईल

परवा आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीताई भर दुपारी दारात उभ्या. मोबाईलवर पदराची सावली धरून बाळाचं वजन भरत होत्या. 'काही दिसंना बघा, नुसतं आपलंच तोंड दिसतंय,' म्हणाल्या. मी हसले खरी, पण मनात आलं, हे फोन बनवणाऱ्यांनी बीडचा मे महिना कधी पाहिलाय का?

2019 मध्ये सॅमसंगचा घडीच्या पडद्याचा फोन आला. किंमत सुमारे 1 लाख 65 हजार रुपये! कौतुक आहेच. पण त्याआधी, 2006 मध्ये मोटोरोलाने 'मोटोफोन' नावाचा साधा, स्वस्त फोन भारतात आणला होता. त्याचा पडदा कागदासारखा, बाहेरच्या उजेडावर वाचायचा. ऊन कडक तितकी अक्षरं स्पष्ट, शिवाय बॅटरीही कमी लागायची. अडचण एकच. मोजकीच अक्षरं मावायची, त्यामुळे मेसेज वाचणं जिकिरीचं. आता तेच तंत्र बरंच सुधारलंय, पुस्तकं वाचायच्या यंत्रांत ते सर्रास असतं. मग कामाच्या मोबाईलमध्ये का नको?

2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन सारखे बिघडत होते, ॲप इंग्रजीत होतं. वापरणारीला आधी विचारलं असतं, तर ही वेळ आली असती का?

मैत्रिणींनो, ऊसतोडीला गेलेल्या आईला फडातच लेकीचा मेसेज वाचता यावा, एवढंच मागणं आहे. घड्या घालायला आमच्याकडे साड्या आहेत. आम्हाला आधी उन्हात दिसणारा पडदा द्या!