हार्वेस्टर कारखान्याच्या कॉम्प्युटरशी बोलतो, मग पावती मुकी का?



आमच्या भागात हार्वेस्टर, इनफिल्डर आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टर कारखान्याच्या सिस्टिमला जोडायचं काम चालू आहे. कुठलं मशीन कुठल्या गटात आहे, कुठली ट्रॉली वाटेत आहे, हे शेतकी ऑफिसात बसल्या जागी पडद्यावर दिसतं. चांगलं आहे, माझा त्याला विरोध नाही. पण ज्याच्या रानातून हे आकडे निघतात, त्याच्या काटा पावतीवर त्यातला एकही येत नाही. पावतीवर आजही तेच: भरलेलं वजन, रिकामं वजन, पाचटाची वजावट आणि निव्वळ वजन. जोडणी झाली, पण एकाच बाजूने. माझं भांडण तेवढ्यासाठी आहे.

मशीनमध्ये काय चालतं ते आधी बघू. आजच्या मशीनमध्ये इंजिनाचा कंट्रोलर, हायड्रॉलिकचा कंट्रोलर आणि केबिनमधला डिस्प्ले दोन तारांच्या एकाच जोडीवरून एकमेकांशी बोलतात. याला कॅन बस म्हणतात. बॉश कंपनीने ही पद्धत 1986 साली मोटारींसाठी पुढे आणली. अवजड वाहनांसाठी त्यावर जे1939 नावाचं मानक आलं. त्यामुळे इंजिनाचे फेरे, तास, डिझेल हे आकडे कुठल्याही कंपनीच्या मशीनमधून एकाच भाषेत वाचता येतात. तारेवरचे हे आकडे सिमकार्ड असलेला डबा उचलतो, कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो आणि तिथून ते कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये येतात. वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन एकाच पडद्यावर दिसावीत म्हणून आयएसओ 15143-3 हे मानकही आहे. ते मुळात माती उकरणाऱ्या मशीनसाठी केलेलं, पण ठिकाण, तास आणि डिझेल त्यात नीट बसतं.

आता गंमत बघा. तास, डिझेल आणि ठिकाण हे आकडे मशीनमालकाला आणि कारखान्याला लागतात. ते सगळे सर्वांना वाचता येतील अशा भाषेत आहेत. शेतकऱ्याला लागणारे आकडे वेगळे: पाचट उडवणाऱ्या पंख्याचा वेग, बुडखा कापणाऱ्या चकत्यांवरचा दाब, मशीन सरीत किती वेगाने पळालं. त्यातले पंखा आणि दाब हे बहुतेक करून कंपनीच्या स्वतःच्या सांकेतिक भाषेत असतात. जोडणीचा करार करताना ते कुणी मागितले नाहीत, कारण करार करायला बसलेल्यांत ऊस लावणारा नव्हताच.

पंख्याचा वेग एवढा महत्त्वाचा का? पंखा जोरात फिरवला की पाचट स्वच्छ उडतं, पण त्याबरोबर उसाचे तुकडेही फुटून बाहेर जातात. ते रानात विखुरतात, रस पाचटाला लागून वाळतो आणि नंतर डोळ्याला काही दिसत नाही. पंखा हळू ठेवला तर ऊस वाचतो, पण ट्रॉलीत पाचट जास्त जातं. ऑस्ट्रेलियात या न दिसणाऱ्या नुकसानीवर वर्षानुवर्षं संशोधन झालंय. आपल्याकडे काय होतं? मशीनने तोडलेल्या उसाला 4.5 टक्के सरसकट वजावट. पंखा जोरात असो की हळू, ऊस उभा असो की लोळलेला, वजावट तीच.

हिशोब करा. दोन एकर ऊस, एकरी 40 टन धरला तर 80 टन. त्याचे 4.5 टक्के म्हणजे 3.6 टन. टनाला 3000 रुपये धरले तर 10,800 रुपये. आता चालकाने पंखा फुल्ल ठेवून माल स्वच्छ दिला असेल, तर माझा ऊस आधी रानात उडाला आणि नसलेल्या पाचटाचे पैसे काट्यावर परत कापले. एकाच पाचटासाठी दोनदा मार. दुसऱ्याच्या ट्रॉलीत 7 टक्के पाचट गेलं असेल तर त्याचे 7 कापा, माझी हरकत नाही. पण मोजून कापा.

कृषी पदवीधर मित्र म्हणतील, नुसत्या पंख्याच्या वेगावरून पाचट किती हे सांगता येत नाही. बरोबर आहे. जात, दव, लोळलेला ऊस, सरीतला वेग, सगळ्याचा परिणाम होतो. म्हणूनच यार्डात ट्रॉलीतून नमुना काढायला हवा आणि त्या नमुन्याला त्याच ट्रॉलीचे मशीनवरचे आकडे जोडायला हवेत. दोन हंगामांत आपल्या जातींसाठी आणि आपल्या जमिनीसाठी तक्ता तयार होईल. सिस्टिम जोडायची ती यासाठी. नाहीतर लाखो रुपये घालून काय मिळवलं? नकाशावर हलणारे ठिपके!

दुसरी गोष्ट वेळेची. तुकडे केलेला ऊस अख्ख्या उसापेक्षा लवकर नासतो. कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक जिवाणू शिरतात, साखर खातात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्याने कारखान्याचंही नुकसान होतं. यार्डात ट्रॉली रात्रभर उभी राहिली तर वजन घटतं माझं आणि साखर उतारा घसरतो सगळ्यांचा. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे आणि त्यापुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढतात. म्हणजे उतारा हा आपल्या खिशाचा प्रश्न आहे. तोड कधी सुरू झाली, ट्रॉली कधी भरली, काट्यावर कधी आली, गव्हाणीत कधी पडली, हे आता सिस्टिमला मिनिटासकट माहीत असतं. मग पावतीवर छापायला शाई संपते का?

तिसरी गोष्ट खोडव्याची. चकत्या वर ठेवल्या तर साखरेचा सगळ्यात गोड भाग, बुडखा, रानातच राहतो. खाली दाबल्या तर बेटं उपटतात, माती ट्रॉलीत जाते आणि खोडवा विरळ उगवतो. दाबाचा आकडा हातात असेल तर पुढच्या वर्षी "तुमच्या रानातच दोष आहे" हे ऐकून घ्यावं लागणार नाही.

यावर उत्तरं ठरलेली आहेत. कारखाना म्हणतो, डेटा मशीनवाल्याचा. मशीनवाला म्हणतो, डेटा कंपनीकडे. कंपनी म्हणते, आमचा करार मशीनमालकाशी आहे. युरोपात 12 सप्टेंबर 2025 पासून डेटा कायदा लागू झाला. जोडलेल्या यंत्राचा डेटा ते वापरणाऱ्याला मिळाला पाहिजे, असं तो म्हणतो. पण नीट वाचा, वापरणाऱ्याला! आपल्याकडे हार्वेस्टर ना शेतकऱ्याच्या मालकीचा, ना तो त्याने भाड्याने घेतलेला. तोडणी-वाहतूक कारखाना लावतो आणि खर्च आपल्या बिलातून वळता करतो. उद्या तसाच कायदा इथे आला तरी ऊस उत्पादक त्यात बसेलच असं नाही. आपला हक्क कारखान्याबरोबरच्या ऊस करारातच लिहून घ्यावा लागेल.

आणि "शेतकऱ्याला आकडे देऊन काय कळणार?" हे तर बोलूच नका. जो माणूस माती परीक्षणाचा अहवाल वाचून खत ठरवतो, वीजबिलातली चूक काढतो आणि काट्यावर दहा किलोसाठी भांडतो, त्याला पंख्याचे फेरे कळत नाहीत होय?

मागण्या चारच आहेत, सभासदांनी वार्षिक सभेत लेखी द्याव्यात:

1. काटा पावतीवर तोड, भरणी, काटा आणि गव्हाण, चारही वेळा छापा.
2. गटवार पंख्याचा सरासरी वेग आणि चकत्यांचा दाब शेतकऱ्याला मेसेजवर द्या. जुन्या मशीनला सेन्सर बसवा.
3. पाचट वजावट नमुन्यावर करा. नमुना शेतकऱ्याच्या प्रतिनिधीसमोर काढा.
4. पुढचं मशीन किंवा सॉफ्टवेअर घेताना हे आकडे उघडे करून देण्याची अट खरेदी करारातच घाला. एकदा पैसे गेले की कंपनी फोन उचलत नाही.

चालकाचं नाव, त्याचा नंबर, तो सुट्टीला कुठे गेला, यातलं काही आम्हाला नको. आमच्या रानात, आमच्या उसावर मशीन चालत असताना जे मोजलं गेलं, तेवढंच हवं.

एका ट्रॉलीला किलोपर्यंत मोजणारा काटा आपल्या बापजाद्यांनी भांडून मिळवला. मशीनमधला हा काटा आता आपण मिळवायचा आहे. तुमच्या कारखान्यात पावतीवर काय काय येतं, ते खाली लिहा. फोटो टाकणार असाल तर नाव आणि कोड नंबर झाकून टाका.