स्वभावाला औषध नाही?



साखर करणे हा आपला धंदा. पण रक्तातली साखर वाढली की काय होते, हे आता वाडीवस्तीवर दिसू लागले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. औषधे आहेत, अडते ते रोज घेण्यापाशी. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालीच सांगितले की, दीर्घ आजारात विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण औषध नीट घेतात. तेव्हा हा नुसत्या अडाणीपणाचा प्रश्न नव्हे. आमच्या मते यात स्वभावाचाही वाटा आहे.

काहीजण मुळात टापटिपीचे. त्यांचा खताचा हप्ता चुकत नाही, तशी गोळीही चुकत नाही. मानसशास्त्राचे अभ्यासही हेच दाखवतात. दुसरे धडाडीचे. बरे वाटले की, "मला काय धाड भरलीय?" म्हणून पाकीट कोनाड्यात! तिसरे धास्तीखोर. "गोळीनं किडनी जाते" असे पारावर ऐकून परस्पर बंद करतात. पण मूत्रपिंड नासवते ती वाढलेली साखर. चौथे भिडस्त. गोळ्या चुकल्या हे डॉक्टरांना सांगवत नाही; मग डॉक्टर बिचारे डोस वाढवतात.

"बरं वाटतंय" हे माप खोटे. उसाचा उतारा नुसता बघून कळतो काय? आणि एका दिवसाच्या उताऱ्यावर हंगाम ठरत नाही. सरासरी बघावी लागते. 'एचबीए१सी' ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची अशीच सरासरी सांगते. दुर्लक्ष झाले तर पाय बधिर होतात, खोडव्यात बुडखा लागलेला कळत नाही, जखम चिघळते आणि प्रसंगी पाय काढावा लागतो.

स्वभावाला औषध नाही म्हणतात. नसू द्या! औषधच स्वभावाला जुळवून घ्यावे. विसराळू माणसाने गोळीची सांगड जेवणाच्या ताटाशी घालावी. धडाडीच्या गड्याने उतारा वाढवण्याची ईर्ष्या साखरेचा आकडा उतरवण्यात दाखवावी. धास्तीखोराने शंका पारावर नव्हे, डॉक्टरांना विचारावी. भिडस्ताबरोबर घरचे माणूस जावे.

उसाचे बिल लांबले की औषधही लांबते, हे आम्ही जाणतो. तेही डॉक्टरांना मोकळेपणी सांगावे; स्वस्त पर्याय निघतो. घरच्यांनीही "गोळी का घेतली नाही?" असे खेकसण्यापेक्षा "कशामुळं राहिली?" एवढे विचारावे. खरे उत्तर तिथेच मिळेल.