खासगी नौका, सार्वजनिक समुद्र

पावसाळा सरून समुद्र निवळला की मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापाशी दर रविवारी सकाळी एक दृश्य नेमाने पाहावयास मिळते. एका बाजूस मांडव्याच्या व घारापुरीच्या लाँचसाठी लांबच लांब रांग लागलेली असते; कडेवर मुले, हातात पिशव्या आणि डोक्यावर ऊन. दुसऱ्या बाजूने आठ-दहा जणांचा एखादा घोळका या रांगेस वळसा घालून पायऱ्या उतरतो, लहानशा होडीत बसतो आणि काही अंतरावर नांगरून ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र नौकेवर चढतो. ही नौका त्यांनी खलाशांसह काही तासांपुरती भाड्याने घेतलेली असते. बंदराचा फेरफटका, समुद्रातून शहराचे दर्शन, पलीकडच्या किनाऱ्यावर वाळूत घटकाभर विसावा आणि सूर्यास्ताच्या सुमारास परत, असा हा कार्यक्रम. कोणाचा वाढदिवस असतो, कोणाच्या विवाहाचा वर्धापनदिन असतो, तर कोणाला परदेशातून आलेल्या पाहुण्यांना मुंबई दाखवावयाची असते.

या हौसेविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. नौका कशी आहे यावर भाडे ठरते. ते काही हजारांपासून लाखाच्या घरात जाते. पाच-सहा कुटुंबांनी वर्गणी काढली तर साधी शिडाची नौका एखाद्या मध्यमवर्गीय मेळाव्यालाही परवडू शकते. ज्या शहराला तिन्ही बाजूंनी पाणी आहे, त्या शहरातील लाखो माणसे समुद्र पाहतात तो फक्त चौपाटीवरून, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. कारकून, शिक्षक, विद्यार्थी यांपैकी कोणी पाण्यावर चार तास मोकळा श्वास घेत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न आहे तो निराळाच. नौका खासगी असली तरी ती ज्या पाण्यावर तरंगते ते पाणी, ज्या धक्क्यावरून ती सुटते तो धक्का आणि ज्या वाळूवर तिचे प्रवासी उतरतात ती वाळू सार्वजनिक आहे. या सार्वजनिक मालमत्तेचा कारभार कोणत्या दृष्टीने चालावा, याचा विचार आपल्याकडे झालेला नाही. अपघात झाला म्हणजे चार दिवस तो होतो आणि पाचव्या दिवशी विरून जातो.

रामदासपासून नीलकमलपर्यंत

मुंबई बंदराशी महाराष्ट्रातील सामान्य माणसाचे नाते जुने आहे, आणि ते पर्यटकाचे नाही. एकोणिसाव्या शतकात भाऊ अजिंक्य यांनी बांधविलेल्या धक्क्याचे नाव आजही ‘भाऊचा धक्का’ म्हणून लोकांच्या तोंडी आहे. गिरणीत आणि गोदीत राबणारा कोकणी माणूस याच बंदरातून गणपतीला आणि शिमग्याला गावी जात असे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना कोकणातील कित्येक घरांत अंधार झाला. ती बोट सहलीची नव्हती. घरी जाणाऱ्यांची होती. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकण किनाऱ्याची आणि गोव्याची नियमित बोटवाहतूक बंद पडली, रस्ते व नंतर रेल्वे आली, आणि समुद्र हा सामान्यांच्या प्रवासाचा मार्ग राहिला नाही. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारींसह जाणारी रो-रो सेवा सुरू झाली, हा अलीकडचा एक सुखद अपवाद.

जुना इतिहास उगाळण्याचे कारण असे की, समुद्राने दिलेले धडे आपण गिरवीत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचा बळी गेला. टक्कर लाँचने दिलेली नव्हती, हे खरे. परंतु त्या लाँचवर परवानगीपेक्षा अधिक प्रवासी होते आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, हेही त्यानंतर पुढे आले. टक्कर टाळणे प्रवाशाच्या हाती नव्हते. पण पाण्यात पडलेला प्रत्येक जण तरंगत राहील एवढी व्यवस्था करणे कोणाच्या तरी हाती निश्चित होते.

दुर्घटनांची ही मालिका मुंबईपुरती नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. मे २०२३ मध्ये केरळातील तानूर येथे सहलीची बोट बुडाली आणि बावीस जण गेले. त्यांत कितीतरी मुले होती. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मरण पावल्या. ही शेवटची घटना वाचकांतील शिक्षकवर्गाने विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सहल नेणारा शिक्षक बसचा परवाना विचारतो, जेवणाची चौकशी करतो, मुलांची हजेरी घेतो. होडीपाशी आला की मात्र तो नावाड्याच्या शब्दावर विसंबतो, कारण काय विचारावे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

कायदा आहे, धक्क्यावर माणूस नाही

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. देशाच्या अंतर्गत जलक्षेत्रासाठी १९१७ चा जुना कायदा रद्द करून संसदेने २०२१ मध्ये नवा कायदा केला. यांत्रिक नौकेची नोंदणी, तिची तपासणी, विमा, खलाशांची पात्रता, नौकेवरील जीवरक्षक साधने या सर्वांची तरतूद त्यात आहे. राज्यात १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळ आहे. मुंबई बंदराचे स्वतंत्र प्राधिकरण आहे. पोलिसांची सागरी शाखा आहे, तटरक्षक दल आहे, नौदल तर आहेच. तथापि एका पाण्यावर इतके धनी असले की धक्क्यावरच्या शेवटच्या पायरीवर नेमका कोणीच उभा नसतो. कोणती नौका किती माणसे घेऊन सुटली, परत किती आली, तांडेलाकडे प्रमाणपत्र आहे काय, हे पाहणारा माणूस त्या पायरीवर हवा. कागद कचेरीत असतो आणि माणसे पाण्यावर असतात. या दोहोंमधील अंतरातच अपघात घडतो.

भाड्याने घेतलेली खासगी नौका गर्दीच्या लाँचपेक्षा सुरक्षित असते, अशी एक समजूत आहे. गर्दी कमी असते एवढ्यापुरती ती खरी आहे. परंतु या सहलीचे धोके वेगळे असतात. धक्क्यावरून लहान होडीत आणि होडीतून नौकेवर चढणे, किनाऱ्याजवळ जेटी नसेल तेथे गुडघाभर पाण्यात उतरणे, ओहोटीत नौका रुतण्यापूर्वी परत निघणे, हे सारे क्षण अनुभवी खलाशालाही सांभाळावे लागतात. त्यात पाहुण्यांपैकी काहींनी मद्य घेतलेले असले किंवा ‘आणखी अर्धा तास’ असा आग्रह धरला की तांडेलाची कोंडी होते. भाडे देणारा हा त्याचा मालक नव्हे, हे त्या नौकेवर कोणी मान्य करीत नाही. वस्तुतः पाण्यावर शेवटचा शब्द तांडेलाचाच असला पाहिजे. विमानात बसलेला प्रवासी वैमानिकाला आणखी एक घिरटी घालावयास सांगत नाही.

शिवाय हे बंदर म्हणजे सहलीचे तळे नव्हे. न्हावा शेवाकडे जाणारी अजस्र मालवाहू जहाजे, जवाहर द्वीपाला लागणारी तेलवाहू जहाजे, नौदलाच्या युद्धनौका, कोळ्यांच्या होड्या आणि प्रवासी लाँच हे सारे एकाच पाण्यातून वाट काढतात. ऑगस्ट २०१० मध्ये बंदराच्या तोंडाशी दोन मोठ्या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा पाण्यात पडलेले कंटेनर आणि पसरलेले तेल यांनी रायगडचे किनारेही नासविले होते. अशा पाण्यात हौशी नौकांची संख्या वाढत असेल तर त्यांच्या वाटा आणि वेग ठरवून देणे अपरिहार्य आहे.

धक्का कोणासाठी?

दुसरा प्रश्न धक्क्याचा. गेटवेवरील गर्दी कमी व्हावी म्हणून कुलाब्यातील रेडिओ क्लबजवळ शासनाने नवी जेटी बांधावयास घेतली. स्थानिक रहिवाशांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पास अडथळा केला नाही. मात्र तेथील प्रेक्षागृहासारखी जागा करमणुकीसाठी न वापरता प्रवाशांना बसण्यासाठीच वापरावी, उपाहारगृहाचे रूपांतर पूर्ण भोजनालयात होऊ नये, अशा अटी घातल्या. या अटींचा मथितार्थ उघड आहे. जेटी ही प्रथम प्रवाशांसाठी असते. करमणूक आणि व्यापार यांचे स्थान त्यानंतरचे. हाच न्याय नौकांनाही लावावयास हवा. रोजच्या लाँचने मांडव्याहून नोकरीसाठी येणारा माणूस ताटकळत उभा आणि भाड्याच्या नौकेसाठी पायऱ्या मोकळ्या, असे चित्र नव्या जेटीवर दिसू लागले तर सार्वजनिक पैसा कोणाच्या सोयीसाठी खर्च झाला, असा प्रश्न विचारला जाईल आणि तो योग्यच असेल.

तिसरा प्रश्न वाळूचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार भरतीरेषेखालील समुद्राचा आणि खाड्यांचा तळ शासनाच्या मालकीचा आहे. समुद्रकिनारा ही जनतेची ठेव असून शासन तिचा केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत मांडले. तरीही अलिबाग तालुक्यात बंगल्यांच्या भिंतींनी किनाऱ्याच्या वाटा अडविल्याच्या तक्रारी सतत होत असतात. मार्च २०१९ मध्ये किहीम येथील एका फरारी हिरे व्यापाऱ्याचा बेकायदा बंगला सुरुंग लावून पाडण्यात आला, ही कारवाई स्तुत्य होती. पण एका भिंतीने नियम सिद्ध होत नाही. समुद्राकडून नौकेने येणाऱ्यास किनारा खुला आणि जमिनीकडून पायी येणाऱ्या गावकऱ्यास बंद, असा विपरीत न्याय कोठेही चालता कामा नये.

याच वाळूवर कोळी आपली जाळी सुकवितो. जून आणि जुलै हे दोन महिने तो मासेमारीबंदी पाळतो. इतर वेळी त्याच्या जाळ्यांवरून हौशी नौकांचे पंखे फिरले तर नुकसानभरपाई कोणाकडे मागावी हे त्याला ठाऊक नसते. मासेमारीच्या होडीतून पर्यटक नेणे नियमबाह्य आहे आणि ते तसेच असावयास हवे. तानूरची बोट मूळची मासेमारीचीच होती, असे सांगितले गेले. परंतु कोळ्याला ‘नेऊ नकोस’ एवढेच सांगून भागणार नाही. ज्याच्या पूर्वजांना या बंदरातील प्रत्येक खडक नावानिशी ठाऊक होता, तो किनाऱ्यावर उभा राहून परक्यांच्या नौका मोजीत असेल तर या धंद्याची घडीच चुकली आहे, असे म्हणावे लागेल.

करावयाचे काय?

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक नौकेच्या बाजूवर तिची प्रवासीसंख्या ठळक मराठी अक्षरांत रंगविलेली असावी; धक्क्यावरच्या पोरालाही ती वाचता आली पाहिजे. प्रवाशांची यादी सुटण्यापूर्वी धक्क्यावर ठेवल्याखेरीज कोणतीही नौका, मग ती लाँच असो वा लक्षाधीशाची, सुटू नये. लाइफ जॅकेट फळीखाली न ठेवता अंगावर असावे आणि ते मुलांच्या मापाचेही असावे. भाड्याच्या नौकांवर माफक आकार बसवून ती रक्कम सार्वजनिक लाँचच्या आणि जेटींच्या सोयींसाठीच राखून ठेवावी. कोळ्यांच्या सहकारी संस्थांना प्रवासी नौका घेण्यासाठी कर्ज, प्रशिक्षण आणि परवाना प्राधान्याने मिळावा. आणि शाळांच्या सहलींसाठी शिक्षण खात्याने एका पानाची सूचना काढावी: नोंदणी पाहा, प्रवासीसंख्या पाहा, तपासणीची तारीख पाहा, जॅकेट घातल्याखेरीज मुलाला होडीत पाऊल ठेवू देऊ नका.

यांतील शेवटची गोष्ट तर शासनाची वाट न पाहताही करता येईल. नौका भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाने हेच चार प्रश्न विचारले आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास पैसे परत मागितले, तर परवाना नसलेल्या नौकांचा धंदा आपोआप बसेल. हौसेला जबाबदारीची जोड असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

समुद्राची खरी श्रीमंती अशी की, तो विकत घेता येत नाही. फार तर काही तासांसाठी त्यावरची एक नौका घेता येते. ती घ्यावी, आनंदाने घ्यावी. परंतु जो समाज आपल्या लाँचच्या रांगेत उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाला सुखरूप पलीकडे पोहोचवितो, त्याच समाजाला पांढऱ्या नौकेतून सूर्यास्त पाहण्याचा निर्मळ अधिकार आहे. रामदास बुडाली तेव्हा देश पारतंत्र्यात होता. नीलकमलच्या वेळी हे कारण सांगण्याची सोय राहिलेली नाही.